दिवा आणि उजेड : किरणोत्सारितेच्या शोधाची हकीकत



मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवतो. बी. ए., बी. एड. झालेल्या माणसाने अणूंच्या गोष्टी सांगाव्यात हा कित्येकांना आगाऊपणा वाटेल. तेव्हा हा विषय माझ्या वाट्याला कसा आला ते आधी सांगून टाकतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. विज्ञानाचे सर रजेवर होते आणि नववीचा त्यांचा तास मला घ्यावा लागला. बदलीच्या तासाला जे होते तेच झाले. मुलांनी गप्पा मारल्या, मी वह्या तपासल्या. तास संपल्यावर एक मुलगी दारापाशी थांबून राहिली. सगळे गेल्यावर तिने विचारले, "सर, अम्मी मुंबईहून लाईट घेऊन आली आहे. तिच्या अंगातून आता किरण निघतात का?"

'लाईट घेणे' म्हणजे काय हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. कर्करोगावर जे किरणोपचार करतात त्यांना आपण लाईट म्हणतो, कोणी शेक म्हणतात. मुलीच्या घरी चाचीने फर्मान काढले होते की धाकट्याने अम्मीजवळ निजायचे नाही. अम्मीचा पेला आणि ताटली वेगळी ठेवलेली. धाकटा पाच वर्षांचा. तो रात्रभर रडतो, आणि अम्मी भिंतीकडे तोंड करून पडून राहते, असे ती सांगत होती.

मला उत्तर ठाऊक नव्हते. "उद्या सांगतो," म्हणालो. तो उद्या चार दिवसांनी उजाडला. मधल्या काळात मी वाचनालयात बसून जे वाचले, ते पुढे देत आहे. मी इतिहासाचा माणूस, म्हणून सूत्रांच्या वाटेने न जाता सनावळीच्या वाटेने गेलो. तुम्हीही त्याच वाटेने चला.

सुरुवात १८९५ पासून करावी लागते. त्या वर्षी नोव्हेंबरात जर्मनीतील वुर्झबर्ग येथे राँटजेन या प्राध्यापकाला क्ष-किरण सापडले. काचेच्या नळीतून वीज सोडली असता निघणारे हे किरण मांसातून आरपार जात आणि हाडांची छाया फोटोच्या काचेवर उमटवत. ही छायाचित्रे जानेवारी १८९६ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत दाखवली गेली. त्या सभेत आंरी बेकरेल नावाचे त्रेचाळीस वर्षांचे गृहस्थ बसले होते. त्यांचे आजोबा पदार्थवैज्ञानिक, वडीलही पदार्थवैज्ञानिक, आणि तिघेही पॅरिसच्या त्याच नैसर्गिक इतिहास संग्रहालयात कामाला. उन्हात ठेवल्यावर चमकणाऱ्या पदार्थांचा अभ्यास या घराण्यात वारशाने चालत आलेला. बेकरेल यांना वाटले, नळीची काच जिथे चमकते तिथूनच जर क्ष-किरण निघतात, तर चमकणाऱ्या प्रत्येक पदार्थातून ते निघत असले पाहिजेत.

कल्पना चुकीची होती, पण तिच्यामुळे पुढचे सगळे घडले. त्यांनी फोटोची काच जाड काळ्या कागदात गुंडाळली, तिच्यावर युरेनियमच्या एका क्षाराचे स्फटिक ठेवले आणि सगळे उन्हात मांडले. काच धुतल्यावर स्फटिकांची काळी छाया उमटली. २४ फेब्रुवारीला त्यांनी अकादमीला तसे कळवले. प्रयोग पुन्हा करावा म्हणून नव्या काचा तयार केल्या, तर २६ आणि २७ तारखेला पॅरिसवर आभाळ आले. ऊन नाही, तर प्रयोग नाही. स्फटिकांसकट काचा टेबलाच्या खणात गेल्या. १ मार्चला रविवार होता. पुसट काही उमटले असेल तर पाहावे म्हणून बेकरेल यांनी त्या काचा धुतल्या, आणि छाया निघाली ती पहिल्यापेक्षाही गडद. एका काचेवर मध्ये तांब्याचा छोटा क्रूस ठेवला होता, त्याचाही आकार उमटला होता.

याचा अर्थ उन्हाचा काही संबंध नव्हता. युरेनियम अंधारात, स्वतःच्याच बळावर, काहीतरी बाहेर टाकत होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी हे अकादमीत सांगितले. मे महिन्यापर्यंत शुद्ध युरेनियम धातूही तपासून झाला; तो तर क्षारांहून जोरकस निघाला. इतिहासाच्या शिक्षकाला राहवत नाही म्हणून सांगतो, सुमारे चाळीस वर्षे आधी न्येप्स द सँ-व्हिक्टर नावाच्या दुसऱ्या फ्रेंच माणसालाही युरेनियमच्या क्षारांनी अंधारात फोटोचा कागद काळा पडतो हे दिसले होते. पण तेव्हा त्याचा पाठपुरावा झाला नाही, आणि आज त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही.

खुद्द बेकरेल यांचेही मन थोड्याच काळात दुसरीकडे वळले. हा विषय उचलला तो एका पोलिश विद्यार्थिनीने.

मारिया स्क्लोदोव्स्का हिचा जन्म १८६७ साली वॉर्सा येथे झाला. पोलंड तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होते, आणि तेथील विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. म्हणून मुली चोरून शिकत. त्या वर्गांना 'उडते विद्यापीठ' म्हणत, कारण पोलिसांना पत्ता लागू नये म्हणून वर्ग आज या घरी तर उद्या त्या घरी भरे. मारियाने काही वर्षे दुसऱ्यांच्या घरी राहून त्यांची मुले शिकवली आणि त्या पगारातून थोरल्या बहिणीला पॅरिसमध्ये वैद्यकी शिकायला पैसे पाठवले. बहिणीची पाळी झाल्यावर हिची आली. १८९१ मध्ये, चोविसाव्या वर्षी, ती पॅरिसला पोचली आणि १८९३ मध्ये पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत पहिली आली. १८९५ मध्ये तिने पिएर क्यूरी या शास्त्रज्ञाशी लग्न केले. जगाला ती मादाम क्यूरी म्हणून माहीत आहे.

डॉक्टरेटसाठी तिने बेकरेल यांचे किरण घेतले. बेकरेल फोटोच्या काचेवर अवलंबून होते. मारीने मोजमाप सुरू केले. या किरणांमुळे हवेतून अगदी किंचित वीज वाहू लागते. ती मोजण्याचे नाजूक उपकरण पिएर आणि त्यांच्या भावाने पूर्वीच बनवलेले होते. मोजल्यावर दिसले की युरेनियम ओले असो की कोरडे, भुकटी असो की खडा, दुसऱ्या कशाशी संयोग झालेले असो की सुटे, किरणांचा जोर फक्त युरेनियम किती आहे यावर ठरतो. या साध्या वाक्यात फार मोठी गोष्ट आहे. रसायनशास्त्रात संयोग झाला की पदार्थाचे गुण बदलतात. कोळसा जळाला की त्याचा वायू होतो. इथे संयोगाने काहीच बदलत नव्हते. म्हणजे हा गुण पदार्थाच्या बाहेरच्या जुळणीचा नव्हे, खुद्द अणूच्या आतला.

मग तिने हाती लागतील ती खनिजे तपासली. थोरियमही तसेच निघाले. आणि पिचब्लेंड नावाचे युरेनियमचे काळे खनिज शुद्ध युरेनियमपेक्षाही कितीतरी जोरकस निघाले. त्यात आणखी काही दडलेले असणार. पिएर यांनी आपले काम बाजूला ठेवले आणि दोघे मिळून शोधू लागले. जुलै १८९८ मध्ये एक नवे मूलद्रव्य जाहीर झाले. नकाशावर स्वतंत्र अस्तित्व नसलेल्या आपल्या देशाच्या नावावरून मारीने त्याला पोलोनियम म्हटले. ज्याचे मराठी आपण किरणोत्सारी असे करतो तो शब्दही त्याच निबंधात पहिल्यांदा छापला गेला. डिसेंबरात दुसरे मूलद्रव्य आले, रेडियम.

पण रसायनशास्त्रज्ञांना मूलद्रव्य म्हणजे बाटलीत दाखवता येईल अशी वस्तू हवी होती. पिचब्लेंडचा चोथा बोहेमियातील योआकिमस्थालच्या खाणीतून आला. (याच गावच्या चांदीच्या नाण्यांना 'थालर' म्हणत, आणि अमेरिकेचा 'डॉलर' त्याच शब्दाचा नातू.) काम करायला मिळाली ती एक गळकी शेड, पूर्वी वैद्यकीचे विद्यार्थी जिथे प्रेते फाडत ती. मारी एका वेळी वीस-वीस किलो माल कढईत उकळी आणि आपल्याच उंचीच्या लोखंडी सळईने दिवसदिवस ढवळी. घरी तान्ही मुलगी होती. अशा रीतीने काही टन चोथा उपसल्यावर १९०२ मध्ये हाती लागला एक दशांश ग्रॅम शुद्ध रेडियम क्लोराइड. चिमूटही मोठी म्हणावी इतका. रात्री दोघे शेडमध्ये जात तेव्हा फळ्यांवरच्या नळ्या अंधारात निळसर उजळलेल्या असत.

१९०३ चे नोबेल पारितोषिक बेकरेल आणि क्यूरी पतिपत्नी यांना मिळाले. त्यातही एक गोम आहे. आधी शिफारस गेली होती ती फक्त दोघा पुरुषांची. पिएर यांना आतून खबर लागली, आणि मारीला वगळून चालणार नाही असे त्यांनी लिहून कळवले, म्हणून तिचे नाव आले. १९०६ मध्ये पिएर पॅरिसच्या रस्त्यात घोडागाडीखाली सापडून गेले. १९११ मध्ये फ्रेंच अकादमीने बाईला सभासद करून घेण्याचे नाकारले, आणि त्याच वर्षी स्वीडनने तिला दुसरे नोबेल दिले.

आता पॅरिस सोडून कॅनडाकडे वळू. कारण किरण निघतात हे कळले होते, पण का निघतात हे कोणालाच कळत नव्हते. १९०३ मध्ये पिएर यांनी मोजले होते की रेडियम आपल्या वजनाइतके बर्फ तासाभरात वितळवील इतकी उष्णता देते, आणि हे तासन् तास, वर्षानुवर्षे. लाकूड जळून राख होते. हे कसले जळण, की जे सरत नाही?

न्यूझीलंडचा शेतकऱ्याचा मुलगा अर्नेस्ट रदरफोर्ड १८९८ मध्ये माँट्रिऑलच्या मॅकगिल विद्यापीठात प्राध्यापक झाला. किरण एका जातीचे नाहीत हे त्याने आधीच ओळखले होते. जे कागदालाही अडतात त्यांना त्याने अल्फा म्हटले आणि जे धातूचा पातळ पत्रा भेदतात त्यांना बीटा. शिशाच्या जाड थराशिवाय न आवरणारे गॅमा किरण १९०० मध्ये पॅरिसमध्ये विलार यांना दिसले.

रदरफोर्डला फ्रेडरिक सॉडी हा तरुण रसायनशास्त्रज्ञ येऊन मिळाला. दोघांनी थोरियममधून एक अत्यंत किरणोत्सारी पदार्थ रासायनिक रीतीने वेगळा काढला आणि त्याला थोरियम-एक्स असे नाव दिले. थोरियम जवळजवळ थंडावले. पण नाताळच्या सुटीनंतर पाहतात तो वेगळा काढलेला पदार्थ विझत आलेला, आणि थोरियम पुन्हा पहिल्यासारखे जोरात. एकाचा जोर सुमारे चार दिवसांत निम्मा होई, आणि नेमक्या तेवढ्याच काळात दुसऱ्याचा हरवलेला जोर निम्मा भरून येई. याचा एकच अर्थ लागतो. थोरियमचे अणू मोडत होते, त्यांतून दुसऱ्याच मूलद्रव्याचे अणू तयार होत होते, आणि तेही पुढे मोडत होते. किरण म्हणजे या मोडतोडीत उडालेले तुकडे आणि बाहेर पडलेली ऊर्जा.

एका मूलद्रव्याचे दुसरे होणे! सॉडीने पुढे सांगितले आहे की तो हे ओरडून बोलला, तेव्हा रदरफोर्डने त्याला दटावले की असे म्हणू नकोस, लोक आपल्याला किमयागार ठरवून डोके उडवतील. 'किमया' हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. जाबिर इब्न हय्यान यांच्यापासून न्यूटनपर्यंत कित्येक थोर माणसांनी एका धातूचा दुसरा करण्याचा ध्यास घेतला आणि भट्ट्या पेटवल्या. ती किमया निसर्गात आपोआप चाललेली होती, फक्त भट्टीच्या आचेने अणूच्या आतल्या गाभ्यापर्यंत पोचता येत नव्हते.

तो गाभा १९११ मध्ये रदरफोर्डनेच दाखवला. अणूच्या मध्यभागी अतिसूक्ष्म केंद्रक असते आणि अणूचे जवळजवळ सगळे वजन तिथे एकवटलेले असते. १९३२ मध्ये चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडला आणि चित्र पुरे झाले. केंद्रकात धनभारित प्रोटॉन असतात, आणि सारखे भार एकमेकांना ढकलतात. मग ते फुटून का जात नाहीत? कारण प्रोटॉन-न्यूट्रॉनना जवळून बांधून ठेवणारे दुसरे, फार प्रबळ बल असते. मात्र त्याचा हात आखूड. शेजाऱ्यापलीकडे तो पोचत नाही. ढकलण्याचा हात मात्र लांब. कुटुंब मोठे होत गेले की बांधणारे बल अपुरे पडते. शिशाच्या पुढची, म्हणजे ८२ हून अधिक प्रोटॉन असलेली सगळी मूलद्रव्ये म्हणूनच कमी-अधिक अस्थिर आहेत. बिस्मथ पूर्ण स्थिर समजले जाई, पण २००३ मध्ये तेही मोडते असे आढळले, इतक्या संथपणे की विश्वाचे वय त्यापुढे क्षण वाटावे. लहान अणूंतही न्यूट्रॉनचे प्रमाण बिघडले की अस्थिरता येते.

अस्थिर केंद्रक स्थिर होण्यासाठी ओझे टाकते. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांची मोळी बाहेर पडली की तो अल्फा कण. न्यूट्रॉनचा प्रोटॉन होऊन इलेक्ट्रॉन बाहेर फेकला गेला की तो बीटा. आणि एवढे करून अंगात उरलेली ऊर्जा प्रकाशासारखी निघाली की ते गॅमा किरण. युरेनियम-२३८ अशा चौदा पायऱ्या उतरून शेवटी शिसे होते, आणि तिथे थांबते.

कोणता अणू केव्हा मोडेल हे मात्र कोणालाही सांगता येत नाही. वर्गात मी हे करून पाहिले. मुले ५८. उपाहारगृहातून तेवढी रुपयाची नाणी उसनी आणली, सगळ्यांना उभे केले. शिटी झाली की नाणे उडवायचे. काटा आला तो खाली बसेल. पहिल्या शिटीला ३१ उभी राहिली, मग १४, मग ८. पुढच्या वेळी कोण बसेल हे मला सांगता येईना, पण निम्मी बसतील हे सांगता येई. या शिट्यांमधल्या काळाला अर्धायुष्य म्हणतात. आणि आणखी एक गंमत पाहा. तीन शिट्या टिकलेला मुलगा काही थकलेला नसतो, त्याची बसण्याची शक्यता पहिल्याइतकीच असते. अणू म्हातारे होत नाहीत. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे, युरेनियम-२३८ चे सुमारे ४५० कोटी वर्षे. पृथ्वीचे वयही जवळपास तेवढेच. लॉर्ड केल्व्हिन यांनी पृथ्वी थंड होण्याचा हिशेब मांडून दोन ते चार कोटी वर्षे वय काढले होते. पृथ्वीच्या पोटात ही उष्णता आणि खडकात हे घड्याळ आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

आता धोक्याबद्दल. सुरुवातीला कोणालाच भीती वाटली नाही. बेकरेल यांनी रेडियमची नळी खिशात ठेवली, कातडी भाजली. पिएर यांनी मुद्दाम दंडावर बांधून पाहिले. त्यावरूनच हे किरण रोगट पेशी मारू शकतील ही कल्पना आली, हे ध्यानात ठेवा. पण बाजारात रेडियमचे 'शक्तिवर्धक' पाणीही आले, आणि अमेरिकेतील घड्याळांच्या कारखान्यांत मुली रेडियमच्या रंगाने आकडे रंगवू लागल्या. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवले होते. रेडियम शरीरात कॅल्शियमसारखे वागते, हाडांत जाऊन बसते. मुलींचे जबडे झडले, कित्येक मेल्या. १९२८ मध्ये न्यू जर्सीतील पाच जणींना भरपाई मिळाली ती कोर्टात गेल्यावर. मारी क्यूरी १९३४ मध्ये रक्ताच्या विकाराने गेली. तिच्या वह्या आजही पॅरिसच्या ग्रंथालयात शिशाच्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत. आपल्याकडे २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्टचे जुने यंत्र फोडले गेले आणि एक माणूस दगावला. (रिक्षांच्या मागे चिकटवतात त्या चमकत्या पट्टीला आपण रेडियम म्हणतो. तिच्यात रेडियम औषधालाही नसते, ती फक्त समोरचा उजेड परतवते.)

तर चाचीची भीती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. पण घोटाळा शब्दाचा होता. मराठीत आपण किरण सोडणाऱ्या पदार्थाच्या गुणालाही किरणोत्सर्ग म्हणतो आणि सुटलेल्या किरणांनाही. एक दिवा आहे, दुसरा उजेड. रेडियम-कोबाल्ट हे दिवे. त्यांचे अंश अंगाला लागले, पोटात गेले, तर दिवाच आत गेला. घड्याळवाल्या मुलींचे तेच झाले. पण उजेडात बसलेला माणूस दिवा होत नाही. दिवा मालवला की खोलीत उजेड साठून राहत नाही.

मुलीला मी इस्पितळाचे कागद आणायला सांगितले. कारण काही उपचारांत औषधच किरणोत्सारी असते, थायरॉईडसाठी आयोडीन देतात तसे, आणि मग डॉक्टर सांगतील तितके दिवस अंतर ठेवावेच लागते. कागदावर कोबाल्ट यंत्राने बाहेरून किरण दिल्याचे लिहिले होते. अशी यंत्रे आता आपल्या तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आराखड्यानुसारही बनतात, त्यांचे नाव भाभाट्रॉन. कोबाल्ट यंत्रातच राहते, शिशाच्या आड. दार उघडते तेवढा वेळ गॅमा किरण येतात. ते पेशींना इजा करतात, म्हणून तर उपचार होतो, पण शरीराच्या अणूंना किरणोत्सारी बनवण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. तरीही मी ओळखीच्या एका डॉक्टरांना फोन करून खात्री केली. बी. ए. वाल्याने एवढे करायला हवे.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. चाचीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे भाभीच्या अंगातून काहीच निघत नाही ना?"

आता इथे खोटे कसे बोलावे? मी सांगितले, निघतात. आपण खातो त्या केळ्यात, बटाट्यात, डाळीत पोटॅशियम असते आणि त्यातला अगदी थोडा अंश जन्मतःच किरणोत्सारी असतो. मोठ्या माणसाच्या शरीरात त्याचे दर सेकंदाला सुमारे ४,००० अणू मोडतात. भाभीच्या अंगात मोडतात, तुमच्याही, माझ्याही, या धाकट्याच्या अंगात थोडे कमी. आदमपासून असेच चालले आहे.

चाची बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत राहिली. मग उठून आत गेली आणि वेगळी ठेवलेली ताटली इतर भांड्यांत नेऊन ठेवली. धाकटा तोवर आईच्या पलंगावर चढलाही होता.